इग्वालादा म्हणे!

आमच्या केत्साल्तेनांगोत बाईमाणसाला हाणायचा एक शब्द आहे, 'इग्वालादा'. म्हणजे बरोबरी करू बघणारी. आता तुम्हीच सांगा, बरोबरी ही काय शिवी झाली? पण इथल्या बड्या घरांतल्या बायका तो शब्द असा थुंकतात, जसं काही आम्ही त्यांच्या ताटातलं पळवलं!

मिकाएला शिलोखला तो माझ्यासमोर ऐकावा लागला. दोन्या, म्हणजे बाईसाहेब, ओदिल्याच्या घराच्या पडवीत ती मक्याची गरम पेज विकायची, मी शेजारी तोर्तिया. नवरा गेल्यावर तिचं घर त्या एका हंड्यावर चालायचं, आणि या थंडी-पावसाच्या गावात छपराखालची जागा काय सहज मिळते? ओदिल्याबाई तिला 'मारिया' म्हणायची. मलाही मारियाच. अंगात विणलेला उईपिल दिसला की आम्ही किचे आदिवासी बायका सगळ्या मारिया! वर त्यांनी आम्हाला एकेरी बोलायचं, आणि आम्ही मात्र 'अहो सेन्योरा' करायचं.

त्या दिवशी बाईकडे पाहुणे आलेले. दारातून ओरडली, "ए मारिया, तो कळकट हंडा उचल इथून!"

मिकाएलाचं डोकंच सटकलं. "उचलते गं ओदिल्या. आणि माझं नाव मिकाएला. इतकी वर्षं माझी पेज पितेस, तेवढं तरी लक्षात ठेव."

बाई लालभडक झाली. "इग्वालादा! मला एकेरी बोलतेस? रविवारी चर्च सुटलं की सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर पडवी सोड!"

माझा नुसता जळफळाट झाला. तरी मीच तिला म्हटलं, "माग बाई माफी. पोराबाळांकडे बघ." तिनं हंडा घासायला घेतला.

रविवारी ठेवणीतला उईपिल घालून आली. चर्चमधून सुटलेली माणसं थबकली. बाई उंबऱ्यात मान ताठ करून उभी.

"दोन्या ओदिल्या, माझं चुकलं," मिकाएला म्हणाली. बाईचा चेहरा खुलला. "आमच्यात अनोळखी बाईलासुद्धा आधी नाव विचारतात, मानानं बोलतात. ते सोडून मी तुमच्यासारखी वागले. तुमची बरोबरी केली, त्याची माफी मागते. पुन्हा एवढी खाली उतरणार नाही."

पडवी गेलीच. आता ती बसथांब्यामागे भिजत बसते, धंदा निम्म्यावर आलाय. पण कुणी मारिया म्हणून हाक मारली, तर हंड्याचं झाकण उघडत नाही बया.