नायक हिरामणने उतरवलेलं वजन

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझी पलटण उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी होती. मी कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होतो. म्हणजे कंपनीचं रेशन, कपडे, भांडी, कंदील, सगळं माझ्या ताब्यात. सकाळी पाच वाजता लंगरची, म्हणजे स्वयंपाकघराची, पाहणी, सहाला चहा, आठला पुरी-भाजी, दुपारी वरण-भात, संध्याकाळी पुन्हा तेच आणि वर हलवा. लंगर कमांडर प्रत्येक पदार्थ आधी माझ्याकडे चाखायला पाठवायचा. मी मन लावून चाखायचो.

सालाबादच्या मेडिकलला काट्यावर उभा राहिलो तेव्हा वजन भरलं शहाऐंशी किलो. उंची पाच फूट साडेपाच इंच. कॅप्टन डॉक्टरसाहेबांनी कागदावरून मान वर केली नाही.

"हवालदार शालिकराम भुरे. ओबेसिटी. टेम्पररी लो मेडिकल कॅटेगरी. सहा महिन्यांनी रिव्ह्यू."

लो कॅटेगरीचा अर्थ साधा होता. वर, बर्फातल्या पोस्टवर जाता येणार नाही. नायब सुभेदारचं प्रमोशन थांबलं. वजन उतरलं नाही तर पुढे नोकरीही थांबू शकते.

एमआय रूममधून, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यातून, बाहेर पडलो तर दाराशी नर्सिंग असिस्टंट उभा होता. नायक हिरामण मेश्राम. तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीचा. मी मोहाडी तालुक्यातल्या करडीचा. पलटणीत भंडारा जिल्ह्याचे आम्ही दोघंच, त्यामुळे एकटे असलो की आमची बोली सुरू व्हायची. वयाने तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान होता. अंगाने इतका बारीक, की बेल्टला त्याने जास्तीची दोन भोकं पाडून घेतली होती.

"दादा, आता काय करता?"

"उद्यापासून पळतो. दहा मैल. मनावर घेतलं ना, तर दोन महिन्यांत उतरवतो."

"मनावर कायले घेता?" तो म्हणाला. "मन चार दिवस राह्यते. पीटीले रोज मन करते का तुमचं? बिगुल वाजला का उठता. तसंच करा. कापी घ्या अन् लिवा."

त्याने मला चाळीस पानी वही दिली. डॉक्टरसाहेबांच्या पुस्तकातून त्याने एक तक्ता उतरवून ठेवला होता. शिजलेला भात, एक वाटी, पावणेदोनशे कॅलरी. एक पुरी, शंभर. साखरेचा चहा, सत्तर. रमचा एक पेग, सव्वाशेच्या वर. मी तो तक्ता वाचला आणि माझ्या आदल्या दिवसाची बेरीज केली. चार हजारांच्या पुढे गेली. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केली. तेवढीच आली. दिवसभर मी जेवलो तीनच वेळा होतो, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. बाकीचं सगळं 'चाखणं' होतं.

हिरामणने मला सोळाशे ठरवून दिले. पहिले चार दिवस झकास गेले. पाचव्या दिवशी हलव्यापुढे हरलो. मी दोन चमचे खाल्ले आणि लिहिले नाहीत. मग न लिहिण्याची सवय लागली. दोन आठवड्यांनी काटा तिथल्या तिथे. हिरामणने वही चाळली, बेरजा तपासल्या. बेरजा बरोबर होत्या.

"दादा, कापी दुबळी होऊन राहिली. तुमी नाही."

मला राग आला. हवालदाराला नायकाने असं बोलावं? पुढचे सहा दिवस रागाने मी आठशेवर राहिलो. सातव्या दिवशी सकाळी परेडवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी जमिनीवर बसलो. शुद्धीवर होतो, पण उठता येईना. हिरामणने साखरपाणी पाजलं. कोणासमोर काही बोलला नाही. एमआय रूममध्ये नेल्यावर म्हणाला, "उपाशी राहाले हुकूम कोणी देल्ला होता? सोळाशे म्हणजे सोळाशे. कमी बी नाही. अन् चुकलं तं चुकलं म्हून लिवा. त्याची शिक्षा पुढच्या जेवनाले देऊ नोका."

आज गावातली माणसं विचारतात, हवालदारसाहेब, वजन कसं उतरवलं? मी हेच सांगतो. तोंडात घालायच्या आधी लिहा, नंतर नाही. वाटी एकच ठेवा. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर पुष्कळ झालं. लग्नात बारा पुऱ्या खाल्ल्या तर बारा लिहा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं जेवा. माणसांना एवढं साधं उत्तर आवडत नाही. त्यांना काढा हवा असतो.

तिसऱ्या महिन्यात मला साठ दिवसांची सुट्टी मिळाली. वजन अठ्ठ्याहत्तर. हिरामणने बजावलं, "गावाले जाऊन कापी बंद करू नोका." भंडारा रोडला, म्हणजे वरठीला गाडीतून उतरलो, तेव्हा पिशवीत वही आणि स्टीलची वाटी होती. वैनगंगा ओलांडून करडीला पोचलो. रोवणा सुरू झाला होता. आमच्या भागात धानाच्या लावणीला रोवणा म्हणतात. सगळं शिवार पाण्याने भरलेलं, आणि ओळीने वाकलेल्या बाया.

आईने मला पाहून डोळ्याला पदर लावला. "काय झालं रे तुले? फौजीत खायाले नाही देत का?"

मी ताटात वाटीने भात मोजून घ्यायला लागलो तेव्हा शेजारची माणसं बघायला आली. कोणी म्हणालं साखरेचा रोग. कोणी म्हणालं छातीचा. दर सोमवारी मी गावच्या राईस मिलमध्ये जाऊन धानाच्या काट्यावर उभा राहायचो. मिलवाला ओरडायचा, "सरका बे, हवालदाराचं पोतं येऊन राहिलं!" मी वजन लिहून परत यायचो.

दुसऱ्या आठवड्यात एके दुपारी माझी बायको मंजुळा रोवण्यावरून जेवायला घरी आली. कमरेपर्यंत चिखल. मी ओसरीवर वही घेऊन बसलो होतो. तिने हसून विचारलं, "अजी, आज किती खाल्लं तुमी?"

"सकाळपासून नऊशे. तू?"

"मले काय ठाऊक? सांगा तुमीच."

गंमत म्हणून मी तिचं लिहायला लागलो. सकाळी काळा चहा. आदल्या दिवशीचा भात, एक वाटी, मीठ-मिरचीशी. दुपारी भात दोन वाट्या आणि पातळ वरण. संध्याकाळी ती सगळ्यांच्या नंतर जेवली. मी वाटी घेऊन बाजूला बसलो. आई-वडील, मी, दोन मुलं झाल्यावर भांड्यात उरला होता दीड वाटी भात, भाजीचा रस्सा. मी बेरीज केली. हजाराच्या थोडी वर गेली.

मी वजन उतरवायला सोळाशे खात होतो आणि त्याचं कौतुक करून घेत होतो. ही बाई हजारावर दहा तास चिखलात वाकून धान लावत होती, त्यानंतर पाणी भरत होती, सारवत होती. आणि ते एका दिवसाचं नव्हतं. मी दहा वर्षं मनीऑर्डर पाठवत होतो आणि मला हे माहीत नव्हतं. बर्फातल्या पोस्टवर चढणारे जवान मी पाहिले होते, त्यांच्याबद्दल मला अभिमान होता. पण त्या संध्याकाळी चुलीपुढे बसलेल्या मंजुळेकडे मी ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने कोणत्याही जवानाकडे पाहिलं नव्हतं.

"उद्यापासून तू माझ्यासोबत जेवशील," मी म्हणालो.

"तुमी हाये तोवर जेवीन. मंग?"

"मग पण."

"आईले कोण सांगते?"

मी सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच मंजुळेचं ताट माझ्या शेजारी वाढलं. मी रोवण्यावर जायला लागलो. पहिल्या दिवशी माझी कंबर दोन तासांत गेली. बाया हसल्या. सुट्टी संपताना मिलच्या काट्यावर माझं वजन त्र्याहत्तर होतं. मंजुळेला मी काट्यावर उभं केलं. तिचं दोन किलोनं वाढलं होतं. ते मी त्याच वहीत लिहिलं.

पलटणीत परतल्यावर हिरामणने ते पान वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाला, "माह्या मायचं बी असंच असन." आणि वही बंद करून मला दिली.

रिव्ह्यूला वजन एकोणसत्तर. सहा महिन्यांत सतरा किलो. डॉक्टरसाहेबांनी या वेळी मान वर केली. माझी कॅटेगरी परत मिळाली. क्वार्टरमास्टरचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि मी प्लॅटून हवालदार म्हणून वर गेलो. पोस्टची उंची पंधरा हजार फूट.

मी विदर्भातला. डोंगर म्हणजे आमच्याकडे सागाचं झाड असलेली टेकडी. पहिल्या सकाळी बंकरबाहेर आलो आणि टोपी काढून हातात घेतली. समोर जे होतं त्याला मी काय म्हणणार? आभाळाच्या निम्म्यापर्यंत पांढरं. आवाज नाही. आपण श्वास घेतो तेवढाच आवाज.

डिसेंबरच्या शेवटी हिरामण सुट्टीवरून परत वर आला. वर चढायचे सगळे नियम त्याने पाळले होते. खालच्या कॅम्पमध्ये ठरलेले दिवस थांबून, टप्प्याटप्प्याने आला होता. तरी चौथ्या सकाळी, सहा वाजून दहा मिनिटांनी, त्याने मला हाक मारली. तो बसून होता. आडवं होता येत नव्हतं.

"दादा, माह्या फुप्फुसात पानी भरून राहिलं. लिवून घ्या."

त्याने स्टेथोस्कोप स्वतःच्या छातीवर ठेवला, ऐकलं, घड्याळ पाहिलं. "पल्स एकशे चोवीस. रेस्पिरेशन चौतीस. खोकल्यात गुलाबी फेस." आवाज नेहमीचा होता. दुसऱ्या कोणाचा रिपोर्ट देत असावा तसा. त्यानेच इंजेक्शन भरलं आणि एका जवानाला कसं द्यायचं ते सांगून स्वतःला द्यायला लावलं. ऑक्सिजनचा सिलिंडर एकच होता. तो किती तास पुरेल तेही त्यानेच सांगितलं.

मी रेडिओवर गेलो.

"कॅज्युअल्टी वन. नर्सिंग असिस्टंट. चॉपर चाहिए. ओव्हर."

"निगेटिव्ह. नीचे पूरा बादल है. कॅज्युअल्टी को पैदल लाओ. डॉक्टरसाहब ऊपर आ रहे हैं. ओव्हर."

"विल्को. आउट."

सात वाजून पाच मिनिटांनी आम्ही निघालो. सहा जण. चार स्ट्रेचरला, दोन बदलीला. मी पुढचा उजवा दांडा धरला. गुडघाभर बर्फ, डावीकडे उतार, उजवीकडे खडक. वर्षापूर्वीचा मी असतो तर पहिल्या वळणावर मलाच झोपवावं लागलं असतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. नंतर सुचलं.

हिरामण मास्क बाजूला करून मधूनमधून बोलत होता. "पुढचा पानी पे. ओठ सुकले तुहे." "हात बदला, बोटं काळी होतीन." मी एकदा दटावलं, "गप बस, हवा वाचव." तो गप बसला. दहा मिनिटांनी पुन्हा, "घड्याळ किती झालं? सिलिंडर पाहा." त्याचं काम तो सोडायला तयार नव्हता.

पावणेबाराला ढग एकाएकी फाटले. सगळी रांग समोर उघडी पडली, ऊन पडलेली, इतकी जवळ की हात लावावा. आम्ही सहाही जण थांबलो. थांबायचा हुकूम मी दिला नव्हता.

हिरामणने मास्क काढला. बराच वेळ पाहिलं.

"दादा, काय उंच हाये हो. नाकाडोंगरीत सांगतलं तं कोनी खरं नाही मानत."

"तूच सांग जाऊन."

तो हसला आणि मास्क लावून घेतला.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी मास्कवर वाफ येणं थांबलं. मी पाहिलं. मागच्या जवानानेही पाहिलं. आम्ही चालत राहिलो. दोन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरसाहेब खालून वर येताना भेटले. त्यांनी वाकून तपासलं, घड्याळ पाहिलं, आणि मग तिथेच बर्फात बसले. त्यांच्या हाताखाली हिरामणने तीन वर्षं काम केलं होतं.

पुढच्या सुट्टीत मी करडीच्या आधी नाकाडोंगरीला गेलो. तुमसरहून बस, मग पायी. मातीचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी हिरामणचा वर्दीतला फोटो. वडील खाणीवर कामाला गेले होते. आई घरी होती. हिरामणसारखीच बारीक. तिने मला खाट टाकून दिली आणि स्वतः जमिनीवर बसली. मीही खाली बसलो. घडलेलं सगळं वेळेसकट सांगितलं.

मग तिने विचारलं, "किती जन होते उचलाले?"

"सहा, माय."

"जड झाला असन तुमाले."

"नाही. चोपन्न किलोचा होता."

"वाटेत खाली ठेवला का?"

"नाही. बदली केली ती हातातल्या हातात."

तिने मान हलवली. "मंग झालं," म्हणाली. आणि उठून चूल पेटवायला गेली.

भात झाल्यावर तिने मला एकट्याला वाढलं. मी म्हणालो, तुम्ही बसल्याशिवाय मी बसणार नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "हिरामन बी मागच्या सुट्टीत असंच म्हने. काय घेतलं होतं डोक्यात, काय ठाऊक." आणि दुसरं ताट घेऊन माझ्या समोर बसली.

नायक हिरामण मेश्राम, नर्सिंग असिस्टंट, मुक्काम नाकाडोंगरी, तालुका तुमसर. वय एकोणतीस. त्या दिवशी आम्ही दोघं त्याच्या फोटोखाली बसून पोटभर जेवलो.