पान एक्केचाळीसवरची दहा नावं

अंकुश साळवे मंगळवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास वारले. त्याला आज पाच आठवडे झाले. वय अडुसष्ट. जामखेड तालुक्यातल्या आमच्या बाजारगावी, राहत्या घरी, चहा घेऊन पेपर उघडला आणि छातीत कळ आली. त्यांच्या मुलीचा, सुनीताचा, फोन मला आठच्या आत आला. "दादा गेले," ती म्हणाली. "भिंतीवर तुमचा नंबर पहिला लिहिलाय, म्हणून तुम्हाला आधी केला." त्याआधीच्या शनिवारी त्यांचा स्वतःचा फोन आला होता. मी तो उचलला नव्हता. कशाबद्दल असेल ते मला माहीत आहे, असं तेव्हा वाटलं.

साळवे नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत फिटर होते. निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा आम्ही पाचजण दर रविवारी सकाळी वाचनालयात जमून गावाचा इतिहास गोळा करत होतो. जुने कागद, दगडांवरची अक्षरं, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. मी दैनिकात उपसंपादक होतो, म्हणून मजकूर माझ्याकडे. साळवे सहावे. खिशात स्टीलचा टेप आणि हातात वही घेऊन आले आणि पहिल्याच रविवारी आमची पद्धत मोडीत काढली. "आमच्या शॉपमधी एकाचं माप चालत नव्हतं," ते म्हणाले. "दुसऱ्यानं पहिल्याचा आकडा न बघता माप घ्यायचं. जुळलं तर जॉब पास." आठवणींनाही त्यांनी हाच नियम लावला. दोघांनी एकमेकांचं न ऐकता सांगितलेलं नावच वहीत पक्कं व्हायचं. शिवाय लिहिलेलं सगळं सांगणाऱ्यासमोर बसून वाचून दाखवायचं आणि मगच सही किंवा अंगठा घ्यायचा. बौद्ध वस्तीतल्या म्हाताऱ्या गयाबाईंसमोर ते एकदा वाचत होते, तेव्हा मी होतो. "विहिरीचं पाणी गार आणि गोड होतं," असं वाक्य आलं. गयाबाईंनी थांबवलं. "गार हुतं म्हनले मी. गोड तू घातलंस पदरचं." साळव्यांनी 'गोड' खोडलं आणि त्या खोडण्याजवळही अंगठा घेतला.

ती विहीर त्या वस्तीच्या कडेला आहे. गावच्या आडावर वस्तीला पाणी भरू देत नसत, म्हणून वस्तीतल्या बायकांनी आणि पुरुषांनी ती स्वतः खोदली. पुढे मोठ्या दुष्काळात गावचा आड आटला आणि सगळं गाव याच विहिरीवर आलं. खोदणाऱ्यांची नावं गयाबाईंनी सांगितली, वस्तीतल्याच किसनबाबांनी स्वतंत्रपणे सांगितली. दहा जुळली. गयाबाईंच्या यादीत अकरावं नाव होतं, साळव्यांच्या आईचं.

"ते एकट्या तूच सांगितलंस, मावशी," साळवे म्हणाले. "किसनबाबानं न्हाई घेतलं."

"मग मी खोटं बोलती व्हय? तुला झोळीत टाकून माती उपसायची ती. तू रडून रडून डोकं उठवायचास आमचं."

"तू खरंच बोलतीस. पन माझीच आई हाय. मला साक्ष देता येत न्हाई."

"लई शाना झालास नगरला जाऊन," गयाबाई म्हणाल्या.

वहीत ते नाव पेन्सिलीने राहिलं.

पुस्तिका छापायची ठरली तेव्हा शेवटच्या बैठकीला साळवे नव्हते. आमचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, विहिरीच्या पानावर थांबले. "नावं आणि कारणं कशाला?" ते म्हणाले. "आता कोण भेद करतं? उगाच खपली काढायची." मी त्या परिच्छेदाला खूण केली. बाकीच्यांनी पान उलटलं. त्याच दुपारी मी साळव्यांचा परिच्छेद काढला आणि एक वाक्य लिहिलं: 'ही विहीर गावकऱ्यांनी श्रमदानातून खोदली.' दुष्काळाचं वाक्य ठेवलं. साळव्यांना सांगितलं, पानावर मजकूर बसत नव्हता.

छापील पुस्तिका आली. पान एक्केचाळीसवर मजकुराखाली चार बोटं जागा मोकळी राहिली होती, तिथे छापखान्याने वेलबुट्टी टाकली होती. साळव्यांनी खिशातून टेप काढला, वेलबुट्टीवर उभा धरला, मग आडवा. "साहेब, जागा तर हाय की. दहा नावं बसतात, कारनासकट." एरवी ते मला नावाने हाक मारत. मी शुद्धिपत्राची चिठ्ठी छापू म्हणालो. पंधरा दिवसांत.

छापून आलेलंही सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं, हा त्यांचा नियम होता. मी टाळू शकलो असतो, पण बरोबर गेलो. गयाबाईंना तोवर दिसेनासं झालं होतं. किसनबाबा वारले होते. साळव्यांनी पान एक्केचाळीस उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. आडावर पाणी भरू देत नसत, म्हणून. मग दहाही नावं, एकेक, पानावर बोट फिरवत. त्यातलं काहीही त्या पानावर नव्हतं. गयाबाई बोटांच्या पेरांवर नावं मोजत होत्या.

"समदं छापलं का?" त्यांनी विचारलं.

साळव्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो मावशी," मी म्हणालो.

त्यांनी अंगठ्यासाठी हात पुढे केला. साळव्यांनी तो नुसता हातात धरला… वही उघडलीच नाही. परत येताना चावडीपाशी ते थांबले. मग म्हणाले, "आजवर जे लिव्हलं तेच वाचलं. आज पयल्यांदा खोटं वाचलं. म्हातारी हाय तवर ते खरं झालं पायजे."

गयाबाई त्या हिवाळ्यात वारल्या. शुद्धिपत्र छापलं नव्हतं.

पुढच्या दीड वर्षात साळव्यांनी मला चिठ्ठीचा मजकूर तीनदा आणून दिला. दोनदा मी विरामचिन्हं दुरुस्त करून परत केला. तिसरा माझ्या टेबलाच्या खणात आहे, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. छपाईला अडचण कसलीच नव्हती. अध्यक्षांसमोर बसून तो विषय मला काढायचा नव्हता, एवढंच कारण होतं. गेल्या दिवाळीत ते घरी आले. मी चहा टाकायला आत गेलो, तेवढा वेळ ते पुस्तकांच्या कपाटापाशी एकटे होते. चहा घेतला, चिठ्ठीबद्दल काही बोलले नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं.

साळव्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर सुनीताने मला आतल्या खोलीत नेलं. खाटेखाली एक खोकं होतं. त्यात डिंकाची बाटली, पट्टी, कात्री, साळव्यांनी हाताने लिहिलेल्या शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या आणि पुस्तिकेच्या सहा प्रती. दादा घरोघर जाऊन प्रती मागून आणायचे, ती म्हणाली, आणि दोन दिवसांनी परत करायचे. लोकांना वाटायचं, वाचायला नेतात. वाचनालयातल्या प्रतीत चिठ्ठी चिकटवून झाली होती, शाळेतल्या प्रतींतही झाली होती. या सहा राहिल्या होत्या. तिने विचारलं, "शनिवारी दादांनी तुम्हाला फोन केला होता ना? काय म्हणाले?" मी उचलला नव्हता, हे मी तिला सांगितलं. फोन कशासाठी होता हे तिला माहीत नाही. मलाही नाही.

त्या सहा प्रतींना चिठ्ठ्या मी चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी त्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या. एक अध्यक्षांची होती. त्यांनी पान उघडून पाहिलं आणि प्रत आत ठेवली.

घरी येऊन मी कपाटातली माझी प्रत काढली. ती मी प्रकाशनानंतर उघडली नव्हती. पान एक्केचाळीसवर वेलबुट्टीच्या जागी चिठ्ठी आहे, चारही कडा पट्टी लावून कापलेल्या. अक्षर साळव्यांचं. वर कारण, खाली दहा नावं, प्रत्येकापुढे दोन साक्षी. दहाव्या नावाखाली अकराचा आकडा आहे. त्यापुढची ओळ कोरी आहे.