आमालाचा परतीचा शिक्का

सोमवार, १० नोव्हेंबर. आमगाव, आमची ओसरी. हजर: आमालाची भाची पेमा, अर्जुनीकडच्या तिबेटी वसाहतीतले निवृत्त गुरुजी आणि मी. गैरहजर: आमाला. ती कॅनडात अडकली आहे. तिला परत कसं आणायचं, हाच बैठकीचा विषय.

तिबेटीत आमाला म्हणजे आई. आमच्याकडे सगळे तिला तेच म्हणतात. बोलते मात्र आमच्यापेक्षा पक्की झाडीबोली. पावसाळाभर वसाहतीत धानाच्या बांधीतली शेती आणि हिवाळाभर आमची ओसरी, असं तिचं वर्ष. ओसरीवर ती स्वेटर विकायची. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की म्हणायची, "काऊन बाप्पा, थंडी तुले वाजून राहिली का मले?" गिऱ्हाईक हसायचं आणि स्वेटर घेऊन जायचं.

साधं गोंदियाला जायचं तरी ती आधी परतीची गाडी विचारायची. मी एकदा चिडवलं, तर स्वेटरची घडी करता करता म्हणाली, "जाणं कोणालेही जमते. तिबेटातून निघालो तवा बाप म्हणे, याक मोकळे सोडा, चार दिवसांत येतो." पुढची घडी तिनं जरा घट्ट घातली.

म्हणून लेकीच्या बाळंतपणाला कॅनडात जायचं ठरलं, तेव्हा तिला विमानाची नव्हे, शिक्क्याची काळजी. ती निर्वासित, त्यामुळे पासपोर्ट नाही. प्रवासाचं पिवळं पुस्तक आहे. भारतात परत येण्याच्या परवानगीचा शिक्का त्यातच असतो. तो तिनं मला मोठ्यानं वाचायला लावला.

निघायच्या दिवशी तिनं चहाचा एक घोट घेतला आणि भरला कप तसाच ठेवला. निघणाऱ्यानं असा कप मागं ठेवला की माणूस परत येतो, अशी त्यांची रीत. आमच्या ह्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी कप उचलून विसळून टाकला.

"जावई! मले हाकलून राहिले का?"

दुसऱ्यांदा चहा टाकावा लागला. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत बसला.

नातू झाला. मग आमाला तिथल्या बर्फावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ती अंथरुणावर असताना पुस्तकाची मुदत संपली आणि शिक्काही गेला. नव्या पुस्तकासाठी जुन्या पुस्तकातलं आणि इथल्या वसाहतीच्या नोंदवहीतलं जन्मवर्ष जुळायला हवं. ते एका वर्षानं चुकतं. तिबेटी हिशेबात मूल जन्मताच एक वर्षाचं असतं आणि नव्या वर्षाला सगळ्यांचं वय एकदम वाढतं. आमालानं एका कचेरीत तसं वय सांगितलं, दुसरीत आपल्यासारखं. दोन्ही खरी, पण कागदावर बायका दोन झाल्या.

तिथल्या भारतीय वकिलातीच्या खिडकीवर तिला विचारलं, परत म्हणजे कुठं, तिबेटात? तिनं सांगितलं, गोंदिया जिल्ह्यात. हे तिनंच मला फोनवर ऐकवलं, आणि लगेच आवाज बदलून विचारलं, "बाई, ओसरी दुसऱ्या कोणाले देली का?"

"नाही देली, आमाला."

"देजो नको. मी येऊन राहिली."

बैठकीत ठरलं ते असं. तिच्याहून वयानं मोठ्या आणि तिचा जन्म ठाऊक असलेल्या दोघांनी लिहून द्यायचं. गुरुजींच्या आईचा अंगठा झाला. त्या तिबेटातल्या, आमालाच्याच गावच्या. असं दुसरं माणूस वसाहतीत एकच उरलं आहे, एक म्हातारे लामा. ते नागपुरात दवाखान्यात आहेत. पेमा म्हणते, सकाळी थोडा वेळ ओळखतात, मग नाही. उद्या पहाटेच्या गाडीनं आम्ही दोघी निघतोय. लामांची सही अजून व्हायची आहे.