अल्पशा आजाराने

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहा संपवा. ऐकून ठसका लागेल. पेपरवाल्याला धडा शिकवायला गेलो, त्याची गोष्ट आहे.

माझा मोठा भाऊ, सिद्रामदादा, गेला. तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. मी सातवी नापास, बोट ठेवून वाचणारा. 'चादर कामगार सिद्राम यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन. मनमिळाऊ स्वभावामुळे ते सर्वपरिचित होते. परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.'

मनमिळाऊ? दादा? नळावरून अख्ख्या गल्लीशी भांडलेला माणूस! बरं, तेही चालवून घेतलं. पण अल्पशा? अहो, चौदा महिने! आठवड्याला दोनदा डायलिसिस. गाडीवर मागं बसवून, वहिनीच्या ओढणीनं माझ्या कमरेला बांधून नेत होतो त्याला. हे अल्पसं?

डोकंच सटकलं. तसाच पळालो देशमाने काकांकडं. आमच्या भागाच्या बातम्या तेच देतात, आणि झेरॉक्सचं दुकान चालवतात. दुकानात ही गर्दी!

"काका, अल्पसा आजार कशाला म्हणता वो? सर्दी झाली व्हती का दादाला?"

"बस बाळा. अरे, तसं लिहायची पद्धत असते."

"कसली पद्धत?"

"आमच्यात दोनच असतात. अल्पशा आजाराने, नाहीतर दीर्घ आजाराने. मधलं काही नसतं."

"मग दीर्घ का न्हाय लिवलं? शाई संपली व्हती?"

रांगेतल्या एका मावशीला तेवढंच निमित्त मिळालं. "व्हय की! आमचं मालक पिऊन पिऊन गेलं, तर ह्यांनी छापलं 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने'. तीव्रच म्हणे! साधा झटका कदी कुणाला येतच न्हाय पेपरात."

मग काय, मला जोरच चढला. पेपर काउंटरवर आपटला. "उद्या माफी छापायची! चौदा महिने म्हणून लिवायचं! न्हायतर हितनं हलत न्हाय मी!"

काकांनी शांतपणे मोबाईल काढला. "दादा गेला त्या दिवशी मजकूर पाठवला होता तुला, बघून घे म्हणून. आठवतंय?"

मला कुठलं आठवतंय!

"त्यात मी दीर्घच लिहिलं होतं. त्यावर तुझं हे आलं." आणि त्यांनी बटण दाबलं.

माझाच आवाज. स्मशानातून आल्यावरचा. दुकानभर.

"ओ काका, दीर्घ काय लिवता? जरासा आजारी हाय दादा. आठ दिसांत कामावर जातोय बगा. खोडा ते!"

मावशीनं पदर तोंडाला लावला.

"आता सांग," काका हळूच म्हणाले, "काय छापू?"

काय सांगणार, कपाळ? भांडण तर झकास उकरून काढलं होतं मी. फक्त ज्याची गचांडी धरायची, त्याला मीच घरून सोबत घेऊन गेलो होतो.