कपाटातल्या कवळ्या

ताई गेली आणि मागे कपाटभर दात ठेवून गेली.

थट्टा नाही करत. खरंच दात.

माझी थोरली बहीण इस्लामपुरात दातांची डॉक्टर होती. आज तिला जाऊन महिना झाला. दवाखान्याची चावी माझ्याकडे आलीय. आतल्या कपाटात प्लॅस्टिकचे डबे आहेत, प्रत्येकात पाणी, आणि पाण्यात एकेक कवळी. डब्यावर नाव आणि गाव.

सगळ्या तयार. न्यायला कुणी आलंच नाही.

मध्यंतरी आसपासच्या कंपन्यांनी माणसं कमी केली. कुणाचा मुलगा घरी बसला, कुणाची सून. घरात काटकसर सुरू झाली की पहिली कात्री म्हातारीच्या दातांना लागते. माप देऊन गेलेले पेशंट, उरलेले पैसे जमेनात म्हणून फिरकेनात.

ताईनं रेट वाढवलाच नव्हता. मटेरियल महागलं तसं लॅबला देणं बंद केलं आणि कवळ्या स्वतःच घासत बसायला लागली.

मी चिडायचे. "अगं, दवाखाना चालवतेस की धर्मशाळा?"

"धर्मशाळेत दाढ काढतात का गं?"

"मग सरळ फुकटच दे ना."

"फुकट म्हटलं की लाजतात, येत नाहीत. थोडं घेतलं की ताठ मानेनं येतात."

इतकी वर्षं हे तिचं बरोबर होतं. या वेळी चुकलं. ते थोडंसुद्धा लोकांकडे नव्हतं.

तिनं फोन लावले. पैशांचं नंतर बघू, आधी दात घेऊन जा, एवढंच सांगायचं होतं. कुणी उचलेना.

शेवंताबाई म्हणून तिच्या जुन्या पेशंट. बाजारात ताईला लांबून बघितलं आणि चक्क दुसऱ्या बोळात वळल्या. त्या दिवशी ताई नीट जेवलीसुद्धा नाही.

"हे दात दुसऱ्या कुणाच्या तोंडात बसणार आहेत का? मग मी ते धरून का बसलेय? माझंच चुकलं का गं?"

मी तिचं ताट झाकून ठेवलं.

रविवारी ती स्वतः घरोघर द्यायला निघणार होती. शुक्रवारी दवाखान्यातच छातीत दुखलं. सांगलीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

परवा पहिला डबा घेऊन मी शेवंताबाईंच्या घरी गेले. ताई गेल्याचं त्यांना कळलं होतं. डबा बघितला आणि पदर तोंडाला लावून खालीच बसल्या.

"पोरगं कामाला लागलं की येनारच हुते. आवं, उधारीचे दात घालून हसायचं कसं, तुमीच सांगा."

मग उठल्या, कवळी धुतली, तोंडात घातली.

बसली नाही.

इतक्या महिन्यांत हिरड्या झिजल्या होत्या. बोलायला गेल्या की कवळी खाली यायची. ताई असती तर आतून मटेरियल भरून तिथल्या तिथे घट्ट करून दिली असती. मला कुठं येतंय ते.

म्हटलं, "दुसऱ्या डॉक्टरांकडे नेते मी तुम्हाला."

"ते ऱ्हाऊ द्या. आदी एक सांगा." त्यांनी अंगठ्यानं कवळी वर दाबून धरली. "बाई माज्यावर रागावल्या न्हवत्या न्हवं?"

"नाही हो. स्वतःवर रागावली होती."

मग त्या रडल्या. मीही रडले.

राग येतो मला. नेमका कुणावर काढू ते कळत नाही. द्यायला ती तयार होती, घ्यायला या तयार होत्या, आणि तरी दात पाण्यात पडून राहिले.

इस्लामपूर-सांगलीकडच्या मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी ताईकडे माप देऊन आलं असेल तर मला मेसेज करा. मी घरी येते. पैशांचं नावही काढणार नाही. फक्त उशीर करू नका.

ताई, एक पोचली गं.

सैल झालीय. पण मी निघाले तेव्हा शेवंताबाई दारात उभ्या होत्या, अंगठ्यानं ती तशीच वर धरून.

बाकीच्या मी पोचवते. तू आता नीज.