एल्डनचे वीस यार्ड

माझी बहीण वर्ना आणि तिचा नवरा एल्डन यांचं एक भांडण मी जाळीच्या दारामागून ऐकलं होतं. लग्न नवीन होतं, आणि भांडण कपडे वाळत घालायच्या दोरीवरून. दोन खांबांमधलं अंतर एल्डनने पावलांनी मोजलं, गावातून दोरी आणली, आणि बांधून झाल्यावर एवढी उरली की तिने एक गाय बांधता आली असती. एल्डन म्हणत होता, दोरी ताणली गेली.

"दोरी नाही ताणली," वर्ना म्हणाली. "तुझं पाऊल कोंबडीचं आहे."

एल्डन बुटका, हे खरंच. पण धनुष्याने हरीण मारण्यात आमच्या डोंगरात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मचाणीवरून खाली बघायचा, "वीस" असं पुटपुटायचा, बाण सोडायचा, हरीण पडायचं. दरवर्षी पहिल्या हरणाचं मांस ओपलकडे जायचं. ओपल आमच्या रस्त्याच्या टोकाला एकटी राहणारी विधवा. तिचा हिवाळा त्याच मांसावर निघायचा.

मग क्रेगने यंत्र आणलं. क्रेग त्यांचा जावई, पिट्सबर्गला विमा विकतो. यंत्र डोळ्याला लावून बटण दाबलं की समोरच्या वस्तूचं अंतर आत आकड्यात दिसतं. त्याने अंगणात उभं राहून खुराडं मोजलं, टपालपेटी मोजली, मलासुद्धा मोजलं.

"पॉप, आता अंदाजाची भानगडच नको," तो म्हणाला. एल्डनला जावयाचं मन मोडवेना.

त्या वर्षी बाण हरणांच्या पोटाखालून जायला लागले. एका हरणीने तर जमिनीत रुतलेला बाण हुंगून बघितला, असं एल्डनच सांगायचा, आणि सांगताना हसायचा नाही. हंगाम संपत आला. ओपलने निरोप धाडला, यंदा मी घेवड्यावर भागवीन, तू मनाला लावून घेऊ नकोस. त्या दिवशी एल्डन जेवला नाही.

वर्ना शिवणाची टेप घेऊन मागच्या अंगणात गेली. तिथे तो पेंढ्याच्या गठ्ठ्यावर सराव करायचा. एक पाऊल म्हणजे एक यार्ड धरून, वीस पावलं मोजून त्याने खुंटी ठोकली होती, आणि धनुष्यावरचा नेम धरायचा वीस यार्डांचा ठिपका त्याच खुंटीपासून बसवला होता. वर्ना रांगत रांगत मोजत गेली. टेपचं दुसरं टोक मी धरलं.

"तुझे वीस म्हणजे जगाचे सतरा," ती घरात येऊन म्हणाली. "यंत्र जगाचे वीस सांगतं, तू तुझ्या विसाचा ठिपका धरतोस. बाण खालून जाईल नाही तर काय?"

एल्डन बराच वेळ कॉफी ढवळत बसला. तिच्यात साखर नव्हती.

"म्हणजे ठिपका बरोबर आहे," तो म्हणाला.

"तीस वर्षं चुकीचा आहे."

"तीस वर्षं हरणं मरताहेत, वर्ना."

ठिपका हलव म्हणून ती मागे लागली, पण ऐन वेळी धनुष्याचे स्क्रू खोलायला तो तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी यंत्र गाडीत ठेवून मचाणीवर चढला, आणि दुपारपर्यंत हरीण घेऊन आला. क्रेगने फोनवर विचारलं, यंत्राचा उपयोग झाला का?

"फार झाला," एल्डन म्हणाला. "गाडीत होतं ना."

पुढे फेब्रुवारीत त्याचं हृदय थांबलं, त्यामुळे ओपलकडची ती खेप शेवटची ठरली. तेव्हा कुणाला काय माहीत. मांस पातेल्यात घालून, वर ओलं फडकं टाकून तो निघाला. तिच्या मागच्या पायरीवर बूट काढले, हाक न मारता आत शिरला, फ्रीजरमधले मटार एका अंगाला सारून मांस रचलं. ओपल म्हणाली, बस, कॉफी घे. घाई आहे म्हणाला, आणि तासभर बसला.