बेलभंडाऱ्याचं ताट

शालनबाई भित्र्या आहेत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरच्या मारक्या म्हशीला भ्यायच्या, मग सासूला, आणि शिवारात कंपन्या उभ्या राहिल्यावर रस्त्यावरच्या कंटेनरला. यजमान बबनराव मात्र कशालाच भीत नसत. भर सभेत मंत्र्याला सुनावतील, मोर्चात पोलिसाची काठी धरतील. ‘बबनरावांना भीती दाखवायची तर आधी ती त्यांच्या बायकोकडून उसनी आणावी लागेल,’ असं लोक हसत म्हणायचे. शालनबाईही हसायच्या, कारण पुढाऱ्याच्या बायकोला चारचौघांत हसणं भागच असतं.

बबनराव आता पक्षाचे प्रदेश सरचिटणीस होते. चिंचवडला बंगला, दारात सकाळपासून चपलांचा ढीग आणि गॅसवर चहाचं मोठं पातेलं. पातेल्यापाशी शालनबाई. आल्यागेल्याला चहा द्यायचा, बोलायचं नाही, हा त्यांचा संसार.

या सगळ्याची सुरुवात झाली ती चाकणच्या पलीकडे, त्यांच्या गावच्या खंडोबाच्या देवळात. बबनराव तेव्हा ऐन तिशीत होते. भावकीत दोन तट पडलेले. सरपंचपद एका तटाला दिलं तर दुसरा विरोधकांना जाऊन मिळणार, अशी गत. शेवटी तोड निघाली, पहिली अडीच वर्षं बबनराव आणि पुढची अडीच वर्षं त्यांचा चुलतभाऊ सोनबा. असल्या तोडीचा कागद कोणी करत नाही. देवापुढं बेलाचं पान आणि भंडारा हातात घ्यायचा नि शब्द द्यायचा. ज्यानं शब्द द्यायचा त्याच्या घरच्या लक्ष्मीनं ताट आणायचं, ही त्या गावची रीत. बेलभंडारा उचलला की माणूस बांधला गेला.

त्या सकाळी बबनराव चुलीपाशी आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “देव्हाऱ्यातला भंडारा घेऊ नको. मिसळणाच्या डब्यातली हळद घाल ताटात. पिवळं ते पिवळं, कोण बघतंय?”

 नवऱ्याचं ऐकावं तर देवाशी लबाडी, देवाचं ऐकावं तर नवऱ्याशी. शालनबाईंनी मिसळणाचा डबा उघडला, हळदीत चमचा घातला, तो तसाच बाहेर काढला आणि झाकण पुन्हा लावून टाकलं. मग दार लोटून घेतलं आणि देव्हाऱ्यातला, जेजुरीहून आणलेला, खोबऱ्याचे बारीक तुकडे मिसळलेला भंडाराच ताटात ओतला. आता देवच ह्यांना शब्दाला बांधून ठेवील, अशी त्यांची भाबडी समजूत.

बबनरावांनी चांगली मूठभर उचलली. “शब्द फिरवला तर माझ्या वंशाला दिवा राहणार नाही,” असं खणखणीत आवाजात म्हणाले. गावानं येळकोट केला. 

अडीच वर्षं सरली. सोनबा नवा पांढरा सदरा शिवून राजीनाम्याची वाट बघत बसला, आणि बबनरावांनी राजीनामा काही दिला नाही. तो सदरा सोनबानं पुढं पोरीच्या लग्नात घातला.

मग काय, रक्ताची चटक लागावी तसं झालं. पंचायत समिती, जिल्हा परिषद, प्रदेश कार्यकारिणी. दर खेपेला कोणाला तरी शब्द दिलेला असायचा आणि दर खेपेला तो फिरवलेला. तेवढ्यात पक्षही दोनदा बदलून झाले. लोक त्याला राजकारण म्हणायचे. शालनबाई रविवारचा उपास धरायच्या, घरात जागरण गोंधळ घालायच्या, आणि बबनरावांना वाटायचं की आपली बायको फार देवभोळी आहे. आपण हळदीवर हात ठेवला होता, तेव्हा आपल्याला काही लागू नाही, असंच ते धरून चालले असणार, असं बाईंना वाटे. खरं काय ते एकट्या त्यांना ठाऊक, आणि ते सांगायची छाती होत नव्हती.

मुलगा शेखर मोठा झाला, त्यानं आपला वाहतुकीचा धंदा काढला. सांगवीची सायली सून म्हणून आली. शिकलेली, ताथवड्याच्या कॉलेजात शिकवणारी, मोकळ्या स्वभावाची. तिचं पहिलं पोर तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरं पाचव्यात. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून सगळं समजावून सांगितलं, कशामुळं होतं, पुढं काय काळजी घ्यायची. शालनबाईंना ते सगळं कळलं, पण पटलं नाही. पाचव्यातलं गेलं तेव्हा शेखर हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडत होता. त्याच्या पाठीवरून हात फिरवताना बाईंना वाटत होतं, हा हात आपण ओढून घ्यावा, कारण ते ताट ह्याच हातानं भरलं होतं.

आता सायली पुन्हा गरोदर होती, सातवा लागला होता. पलंगावर पडून होती. शालनबाई दर थोड्या वेळानं दाराशी जाऊन तिचा श्वास चालू आहे ना, ते बघून यायच्या.

“आई, मी ठीक आहे हो,” सायली हसायची. “तुम्हीच जरा झोपा.”

अशात पक्ष फुटायच्या बातम्या सुरू झाल्या. बबनराव पलीकडच्या गटात जाणार म्हणून टीव्हीवाले रोज सांगत आणि बबनराव रोज नाकारत. पण त्यांची बॅग भरताना बाईंनी त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. सोमवारी मुंबईत पक्षप्रवेश ठरला होता. गावाकडच्या कार्यकर्त्यांना याचा पत्ता नव्हता. निवडणुका तोंडावर होत्या. त्यांची तिकिटं बबनरावांच्या जिवावर, आणि हे निघून गेले तर ती माणसं उघड्यावर पडणार होती. त्यांनी निरोप पाठवला की, रविवारी देवळात या आणि बेलभंडारा उचला. निरोप आणला सोनबानं. आता केस पांढरे झाले होते, पण गावात त्याच्या शब्दाला मान होता.

“येणाऱ्या नातवंडाच्या नावानं उचल, बबन,” सोनबा म्हणाला. “मग आमी इचारनार न्हाई.”

“उचलतो की,” बबनराव म्हणाले, आणि चहाचा कप रिकामा केला.

आतल्या खोलीत सायली होती. शालनबाईंनी जाऊन त्या खोलीचं दार ओढून घेतलं.

सोनबा गेल्यावर बबनराव स्वयंपाकघरात आले. “तवा केलं व्हतंस तसंच ताट कर.”

“अहो, पोरीला सातवा हाय. तिच्या लेकराचं नाव नका घेऊ.”

“सोमवारपत्तुर गाफील ठेवायचं हाय त्यांना, दुसरं काय? आत्ताच बोंब झाली तर तिकडचं दार बंद आनि इकडचंबी. जन्माची कमाई जाईल माझी.”

रविवारी सकाळी बाईंनी ताट घेतलं. मिसळणाच्या डब्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. भंडारा ओतला, वर बेल ठेवला, फडक्यानं झाकलं. वाटेत मुंबईचे फोन येणार, ते ड्रायव्हरनं ऐकायला नकोत म्हणून बबनराव स्वतःच गाडी चालवायला बसले. मोशी मागे पडली. चाकणच्या चौकात गाडी अडकली, पुढं कंटेनर, मागं कंटेनर. एरवी बाईंनी डोळे मिटून घेतले असते. आज त्यांना कंटेनर दिसतच नव्हते. मांडीवर ताट होतं. आता आपण बोललो नाही तर नातवंड जाईल, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. हे खरं कळलं तर नवरा घाबरेल, मागे फिरेल, अशी शेवटची आशाही होती.

“अहो, तवा मी हळद घातली नव्हती. देवाचाच भंडारा व्हता.”

बबनरावांनी हँडब्रेक ओढला.

“मला ठावं हाय,” ते म्हणाले.

“काय?”

“खोबऱ्याचा तुकडा लागला व्हता बोटाला. मिसळणाच्या हळदीत खोबरं कुठनं येईल? तवाच कळलं मला.”

“मंग?”

“मंग काय? मागं फिरलो असतो तर आज सोनबाच्या शेजारी बसून तंबाखू मळत असतो.” पुढचा कंटेनर हलला. बबनरावांनी गाडी पुढं घेतली. “काय झालं मला? काय बिघडलं?”

 आजवर शालनबाई देवाला भीत होत्या. देवाला उपास करता येतो, नवस बोलता येतो, नाक घासता येतं. शेजारी बसलेल्या या माणसापुढं काय करायचं, ते त्यांना सुचेना. दोन पोरं गेली, हा शेखरच्या शेजारी त्या जिन्यात उभा होता, आणि ह्याला सगळं माहीत होतं. जन्मभर एका ताटात जेवलेल्या माणसाची त्यांना पहिल्यांदा, पोटातून भीती वाटली.

देवळात सगळे आधीच जमले होते. सतरंजीवर माणसं, गुरव कापूर लावून उभा. बबनरावांनी चपला काढल्या, हात जोडले, ‘राम राम मंडळी’ म्हणत एकेकाच्या खांद्यावर हात ठेवला. मग देवापुढं येऊन हात पुढे केला.

“आण ताट.”

शालनबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या.  आत गेलं तर लेकराचं नाव घेतलं जाईल, न गेलं तर काय होईल, ते ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळल्या.

सोनबा उठून जवळ आला. बारीक आवाजात त्यानं विचारलं, “वैनी, भंडारा देवाचा हाय न्हवं?”

इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर त्या बोलल्या असत्या, असं नाही. पण विचारलं नव्हतं, हे खरं.

“भंडारा खराच हाय, भाऊजी,” त्या म्हणाल्या. आवाज इतका कापत होता की पुढच्यांनाच ऐकू गेलं. “तवाबी खराच व्हता. ह्यांचा शब्द खोटा हाय. उद्या मुंबईला जाणार हायेत हे, तिकडच्या पक्षात.”

 बबनराव हसले. भलं मोकळं, सभेतलं हसू.

“सून अवघडलेली हाय,” ते मंडळींना म्हणाले. “हिचा जीव थाऱ्यावर न्हाई. मनावर घेऊ नका. आण गं ते ताट.”

दोघातिघांनी सुटल्यासारख्या माना हलवल्या. बाई भित्रीच, सगळ्यांना ठाऊक. शालनबाईंना वाटलं, संपलं. बबनराव दोन पावलं पुढं आले, ताटाला त्यांची बोटं लागली. बाईंनी काठ सोडला नाही. कुठून बळ आलं कोण जाणे, पण सोडला नाही.

तेवढ्यात सोनबानं दोघांच्या मधून हात घातला आणि ताट आपल्याकडं घेतलं. ते नेऊन देवापुढं ठेवलं.

“ऱ्हाऊ दे बबन,” तो म्हणाला. “वैनी म्हशीला भ्यायची, आमाला भ्यायची. तुझ्यापुढं तर जन्मभर तोंड उघडलं न्हाई. ती आज बोलली. मला आनखी काय ऐकायचं न्हाई.”

माणसं एकेक करून उठायला लागली. देवळाच्या पायऱ्यांवरच कुणीतरी फोन कानाला लावला होता. संध्याकाळच्या आत ही बातमी दोन्ही गटांत पोचणार होती.

गाडीत बसायला बाईंना भीती वाटत होती, पण घरी सायली होती, म्हणून बसल्या. ताट तिथंच राहिलं होतं. आपले हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. बबनरावांचा फोन वाजत राहिला, त्यांनी घेतला नाही. आता हे काय करतील, गाडी कुठं थांबवतील, काय बोलतील, याचा विचार करत बाई दाराचं हँडल घट्ट धरून बसल्या.

मोशीच्या अलीकडे बबनरावांनी गाडी कडेला घेतली. 

“शेखरला सांगू नको,” ते म्हणाले.

“काय?”

“मला ठावं व्हतं, ते.” स्टेअरिंगवरचे त्यांचे हात हलत होते. ते थांबवायला त्यांनी बोटं आवळली, तरी हलत होते. “खोबऱ्याचं. बाकी काय सांगायचं ते सांग. एवढं न्हाई. शब्द दे मला, शालन.”

शेजारून कंटेनर धडधडत गेला आणि गाडी हादरली. शालनबाई नवऱ्याच्या हातांकडं बघत राहिल्या. त्यांनी शब्द दिला नाही.